प्रत्येक माइकची एक खोड

काका बसलेले मला आठवतच नाहीत. दुकानात त्यांच्यासाठी एक स्टूल होतं, वर गादी शिवलेलं, पण त्याच्यावर ते फक्त डावा पाय ठेवत. उजव्या पायावर उभे, हातात पेचकस, गालात लवंग आणि नजर दाराकडे. आता निघतील असं सारखं वाटायचं आणि खरंच निघायचे. दिवसातून सात-आठ वेळा. समोर गिऱ्हाईक असो की खुद्द मालक, खिशातून कापसाचे दोन बोळे काढायचे, दोन्ही कानांत कोंबायचे आणि चालायला लागायचे. मी नवी होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला तीनदा वाटलं की हे रागावून नोकरी सोडून गेले. तिसऱ्यांदा मी जाऊन मालकांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "दीदी, काका का आना-जाना गिनना मत. थक जाओगी."

मालकांना सगळे भैयाजी म्हणत. दुकान वाद्यांचं, रायपूरच्या गोलबाजाराच्या मागच्या बाजूला. पुढे ढोलक टांगलेले, पेट्या मांडलेल्या, आत माइक, मशिनी, स्पीकर. मी काउंटरवर. बी.कॉम. होऊन चौबे कॉलनीतल्या घरात बसले होते आणि बसणं मला जमत नव्हतं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. म्हणूनच काकांचं आणि माझं पटलं असेल. दोघांनाही एका जागी राहणं म्हणजे शिक्षा वाटायची. फरक एवढाच की त्यांना उठून जाता यायचं आणि मला गल्ला सोडता यायचा नाही.

कापसाचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, "रस्त्यावरचा आवाज फुकट असते पोरी. फुकटचं भरून ठेवलं का कामाच्या वक्ती कानात जागा राहत नाही." उभी हयात त्यांनी रेल्वेत स्टेशनांवरचे भोंगे सांभाळले होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे सांगणारा आवाज शेवटच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे, एवढंच काम. निवृत्तीनंतर गोंदियाला मुलीकडे जायचं सोडून ते तात्यापाऱ्यात एका खोलीत राहिले आणि आमच्या दुकानात आले. दुकानात येणारा प्रत्येक माइक आधी त्यांच्या हातात जायचा.

माइकसमोर "हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री" त्यांनी कधी म्हटलं नाही. कुणी म्हटलं तर त्याच्या हातातून माइक काढून घेत. "हॅलोत काय आहे? हॅलो त मडकं बी म्हणते." त्यांची स्टेशनं ठरलेली होती. गोंदियाहून निघायचे आणि रायपूरकडे यायचे. "आमगाव. सालेकसा. दरेकसा. पनियाजोब. डोंगरगढ. राजनांदगाव. दुर्ग." आमगावला खर्ज कळायचा. सालेकसा-दरेकसाला 'स' शिट्टी मारतो का ते समजायचं. पनियाजोबला 'प' आणि 'ब' फुटतात का ते. आणि डोंगरगढला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, माइकच्या पोटात काय आहे ते बाहेर यायचं. रायपूर मात्र ते कधीच म्हणायचे नाहीत. "रायपूर आलं का माणूस उतरते. मंग ऐकते कोण?"

मग चिठ्ठी. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांचे त्यांनी चौकोनी तुकडे करून ठेवले होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं त्या माइकची एक खोड लिहायची, खाली "ऐकलं" असा शब्द आणि अर्धवट सही. पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी माइकच्या मानेला बांधायची. ते बांधायचं काम माझं. खोड एकच. दोन कधी नाहीत आणि शून्य तर कधीच नाही. "बाईमाणसाचा आवाज बारीक करते." "दुरून बोललं त रुसते." "खालचा सा गिळते." "ओरडलं का फाटते, ओरडू नये." मी मनात म्हटलं, विकायच्या वस्तूवर स्वतःच तिचं उणं लिहून ठेवणारं हे दुकान किती दिवस चालणार. पण ते चाललं होतं. धमतरीहून, महासमुंदहून लोक यायचे आणि दारातच म्हणायचे, कका की चिट्ठीवाला दिखाओ. चिठ्ठी मराठीत असायची, ती ते आपापल्या परीनं वाचायचे, अडलं तर मला विचारायचे आणि जाताना माइकपेक्षा चिठ्ठी जास्त जपून न्यायचे. कुणी कुणी वर्षानं परत येऊन सांगायचे की खरंच हो, खालचा सा गिळतो.

काकांना मी एकदा म्हटलं, एखादा तरी माइक बिनखोडीचा निघत असेल. ते म्हणाले, "ज्याची खोड सापडली नाही तो मी ऐकला नाही. ऐकला नाही त 'ऐकलं' कसं लिहू?"

ही सवय माइकपुरती राहिली असती तरी बरं होतं. माझ्या डब्यातली भाजी खाऊन ते चव सांगायचे नाहीत, खोड सांगायचे. "वांगं चांगलं आहे. करणारीचं ध्यान दुसरीकडं होतं." आईला मी हे सांगितलं तर तिनं चार दिवस डब्यात नुसते दही-पोहे दिले. माझं लग्न जमायच्या वेळी मुलगा दुर्गहून आला, तो आधी दुकानातच आला, हार्मोनियम बघायचं निमित्त करून. काकांनी एका नजरेत ओळखलं. त्याच्या हातात माइक देऊन म्हणाले, "बोल. गोंदियाहून निघ." बिचाऱ्यानं सगळी स्टेशनं न चुकता म्हटली. तो गेल्यावर मी हात धुवायचं निमित्त करून काकांजवळ जाऊन उभी राहिले. बराच वेळ ते एका वायरीला झाळ देत राहिले. मग म्हणाले, "पोट्टा बरा आहे. खोड एकच. समोरच्याचं पुरतं ऐकून घेते. तुह्यासमोर त्याचं काही खरं नाही." याच माणसाशी माझं लग्न झालं आणि खोड अगदी बरोबर निघाली.

राज्य नवीन झालं ते याच सुमारास. रायपूर एकाएकी राजधानी झालं आणि शहराला झोप लागेनाशी झाली. रस्ते खणलेले, सरकारी पाट्यांवर घाईघाईनं नवं नाव रंगवलेलं आणि त्याच्या खालून जुनं राज्य अजून दिसत असलेलं. मंत्री नवे, बंगले नवे आणि चौकाचौकात मंच. आज याचं स्वागत, उद्या त्याचं उद्घाटन. भाषण म्हटलं की माइक आला. गल्लीतल्या ज्या कार्यकर्त्याकडे स्वतःची सायकल नव्हती त्यालाही स्वतःचा साउंड पाहिजे झाला. आमच्या रस्त्यावर आमचं एक दुकान होतं, ती चार झाली.

काकांचं बाहेर जाणं वाढलं. ते जातात कुठे हे मी एकदा मागोमाग जाऊन पाहिलं. बूढा तलावाकडे फिरायला जात असतील अशी माझी समजूत होती. ते जात होते भोंगे ऐकायला. मंच दिसला की खाली उभे राहायचे, एका कानातला बोळा काढायचे, ऐकायचे आणि तोंड वाकडं करायचे. त्या दिवशी एका मैदानावर एक मंत्री बोलत होते आणि भोंगा असा किंचाळत होता की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर पदर घेतले होते. काका पोलिसांच्या दोरीखालून सरळ मशीनपर्यंत गेले, मशीनवाल्याला काही न विचारता एक बटण डावीकडे पिळलं, एक उजवीकडे, आणि आले परत. आवाज एकदम स्वच्छ झाला. मंत्रीसुद्धा क्षणभर थांबले. दोरीबाहेर येऊन काका मला म्हणाले, "आवाज साफ केला अन् चूकच झाली. आता तो काय बोलून राहिला ते लोकाइले समजून राहिलं."

मी इतकी हसले की एका हवालदारानं मला हटकलं. काका हसले नाहीत. त्यांना तो भोंगा टोचत होता. म्हणाले, "मशीन नकली आहे. माइक बी नकली. आपल्या गावात हे कोठून येऊन राहिलं?"

उत्तर महिनाभरात आमच्याच दुकानात आलं. दिल्लीहून एक माणूस खोके घेऊन आला. परदेशी कंपनीचे माइक, तोच डबा, तीच थैली, तोच जाळीदार गोळा. शेजारची तिन्ही दुकानं तेच विकत होती, निम्म्याहून कमी दरात. भैयाजी वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. घाबरलेला माणूस होता. त्यानं एक माइक काढून काकांसमोर ठेवला आणि म्हणाला, "काका, आप तो बस चिट्ठी लिख दो."

काकांनी माइक लावला. आमगाव ठीक गेलं. सालेकसाला त्यांनी मान तिरकी केली. पनियाजोबला थांबले. डोंगरगढपर्यंत गाडी गेलीच नाही. पेचकसानं त्यांनी माइकची मान उघडली आणि मला जवळ बोलावलं. आतली तार केसासारखी. ज्या जागी एक भाग असायला पाहिजे तिथे तो नव्हताच, आणि हाताला वजन भासावं म्हणून तळाशी लोखंडाचा एक तुकडा गोंदानं चिकटवला होता. "सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या भंगारातला दिसते," काका म्हणाले. मग चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, "हा तो नाही." खाली "ऐकलं" आणि सही. भैयाजींनी चिठ्ठी वाचली, हसले, फाडली आणि खोकी आत ठेवायला सांगितली.

पण चिठ्ठीशिवाय आमच्याकडून माइक कोण घेणार? शेजारी स्वस्त होतं ना. आमच्याकडे लोक यायचे ते त्या चौकोनी कागदासाठी. आठ-दहा दिवसांनी, काका कापूस घालून बाहेर गेले असताना, भैयाजी माझ्याजवळ आले. "दीदी, आपकी लिखाई कितनी सुंदर है. काका की आँखें भी अब कमजोर हैं. दुकान बंद हुई तो वो बेचारे कहाँ जाएँगे?" एवढंच. धमकी नाही, जबरदस्ती नाही.

मी लिहिल्या. काकांसाठी लिहिल्या असं मी त्या वेळी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला मजा आली. शाळेत मी अक्षराची बक्षिसं घेतलेली. त्यांचा तिरका 'क', 'ऐकलं'वरचं ते घाईतलं टिंब, ती अर्धी सही, सगळं मला दोन दिवसांत जमलं. चार वर्षं मी त्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या आणि आता लिहीत होते, म्हणजे आपली बढती झाल्यासारखं मला वाटायचं. त्या माणसाकडे घर नव्हतं, शेत नव्हतं, जो काय होता तो शब्द होता, आणि तो मी त्यांना न विचारता दुपारी दुपारी वाटून टाकत होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि मी लिहीत होते.

अडचण आली खोडींची. पहिल्या दहा-पंधरा मी आठवून आठवून लिहिल्या. मग डोकं रिकामं झालं. एक दिवस घाईत मी लिहिलं, "बटण थोडं कडक." सोपं होतं, खरं वाटत होतं, कुणाचं नुकसान नव्हतं. मग तेच लिहीत सुटले. त्या दिवाळीत रायपूर आणि आसपासच्या गावांत बटण थोडं कडक असलेले किती माइक गेले हे देवाला ठाऊक.

याच दिवसांत काकांची येरझार फार वाढली. आता ते दहादा, बारादा जायचे. आत आले की स्टुलावर पाय ठेवायचे, लगेच काढायचे. माझ्याकडे पाहायचे, काही बोलणार असं वाटायचं आणि पुन्हा कापूस. मीच एकदा वैतागून म्हटलं, काका, एका जागी उभे तरी राहा. ते म्हणाले, "राहवत नाही वं," आणि गेले.

एका सुटीच्या दिवशी सकाळी बीरगांवची मंडळी आली. सात-आठ जण. कारखान्यांत काम करणारे लोक, आणि फावल्या वेळात रामायण गाणारी मानस मंडळी. तिकडे गावोगावी अशा मंडळ्यांच्या स्पर्धा होतात आणि लोक वर्षभर त्यांची तयारी करतात. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, कपाळाला चंदन, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. सिलतऱ्याला भट्टीवर होता. त्यानं काउंटरवर दोन माइक ठेवले आणि शेजारी दोन चिठ्ठ्या. चिठ्ठ्या त्यांनी देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवल्या होत्या, त्यांना कुंकू लागलेलं होतं. दोन्हींवर "बटण थोडं कडक." मग त्यानं खिशातून तिसरी काढली. ती दुसऱ्या गावच्या मंडळीची. तीवरही तेच.

स्पर्धेत ऐन त्यांच्या पाळीला आवाज तुटत राहिला होता. केवट रामाला नाव आणून देतो त्या प्रसंगाला एक माइक पूर्ण बंद पडला. लोक हसले. दहा महिने केलेली तयारी. हे त्यानं रागानं सांगितलं नाही, सांगायची लाज वाटावी तसं सांगितलं. शेवटी काकांकडे वळून म्हणाला, "कका, ए चिट्ठी तुँहर हाथ के आय? तुमन कहि देव, हमन मान लेबो." तुम्ही सांगाल ते आम्ही मानू, म्हणाला.

भैयाजी मागे गणपतीच्या तसबिरीसमोर उदबत्ती नीट खोचत होते, बराच वेळ खोचत होते. मी काउंटरवर. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला निळी शाई होती. लग्न महिन्यावर आलेलं. मी तो हात काउंटरखाली घेतला.

काकांनी तिन्ही चिठ्ठ्या उजेडात नेऊन वाचल्या. एक माइक उचलला, बटण पुढे-मागे केलं. ते अगदी सैल होतं. मग चिठ्ठ्या एकावर एक नीट ठेवल्या.

"हव," ते म्हणाले. "मेरेच हाथ की है."

"त कका, माइक नकली निकलिस."

"निकला होगा. मेरे कान गए. मेरे को समझा नहीं."

 त्या माणसांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. म्होरक्या पुढे आला, काकांच्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवल्या, म्हणजे त्या आता कुणी पाहायला नकोत. "कान त सबो के जाथे, कका," तो म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. भैयाजींनी धावत जाऊन दोन असली माइक आणून दिले. त्यांनी ते घेतले, पण चिठ्ठी मागितली नाही.

काकांनी कापूस कानात घातला आणि निघाले. या वेळी मी गल्ला तसाच टाकून मागे धावले. तलावाच्या कठड्यापाशी त्यांना गाठलं. त्यांनी एक बोळा काढला.

"तुम्ही खरं काहून नाही सांगितलं, काका?"

"खरं सांगतलं असतं त त्यायनं तुले विचारलं असतं. अन् तू म्हणाली असतीस, मी नाही लिहिलं. सगळ्याइच्या समोर." बोळा बोटांत फिरवत म्हणाले, "ते ऐकायचं नव्हतं मले."

मी रडायला लागले. त्यांना कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं.

"पहिल्या बटणापासून. पोरी, मी कवा बटणाची खोड लिहिली? बटण डोळ्याले दिसते, बोटाले समजते. मी ऐकून लिहितो ना."

चार वर्षं. शेकडो चिठ्ठ्या मी माझ्या हातानं बांधल्या, आणि त्यांतली एकही खोड डोळ्यांनी दिसणारी नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांचं अक्षर उचललं होतं, काम कधी पाहिलंच नव्हतं.

"मंग मला थांबवलं काहून नाही?"

"मले वाटलं तू आपल्या आपण थांबशीन. वाट पाहून राहिलो होतो. दुकानात उभं राहवत नव्हतं म्हणून त फिरून राहिलो होतो." मग पुन्हा बोळा कानात घातला आणि गेले. दुकानात ते परत आले नाहीत.

काका बहिरे झाले ही बातमी आठवडाभरात पसरली. कापूस लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला होताच, आता त्याला अर्थ मिळाला. आणि काकांनी ते निभावलं, ते मला सगळ्यात जड गेलं. रस्त्यात ओळखीचे लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "कैसे हो काकाऽ?" आणि ते कानामागे हात धरून म्हणायचे, "क्या?" माझ्या लग्नाला आले होते. मांडवात बँडवाल्याचा माइक असा शिट्ट्या मारत होता की माझे सासरेसुद्धा वैतागले. मी मुंडावळ्यांतून काकांकडे पाहत होते. ते खुर्च्यांच्या रांगेमागे उभे होते, दोन्ही हातांच्या मुठी आवळलेल्या, आणि चेहऱ्यावर काही ऐकू येत नसलेल्या माणसाचं हसू. मशीनकडे एक पाऊल टाकलं, थांबले आणि परत मागे गेले. मला स्टेजवरून उतरून ओरडावंसं वाटलं की यांना सगळं ऐकू येतंय. मी ओरडले नाही. अक्षता घेतल्या.

नंतर ते गोंदियाला मुलीकडे गेले. दोन-तीन वर्षांनी तिचं पत्र आलं की बाबा गेले. शेवटपर्यंत दारातून आत, आतून दारात, एका जागी बसायला तयार नव्हते.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी दुर्गहून निघाले आणि बीरगांवला गेले. नवऱ्याला काय ते पहिल्यांदाच सगळं सांगितलं, तो पुरतं ऐकून घेऊन म्हणाला, जा. म्होरक्याचं घर विचारत विचारत सापडलं. मंडळी ओसरीवर सरावाला बसली होती. काका गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी उभ्यानंच सांगून टाकलं. काकांचे कान शेवटपर्यंत चांगले होते, चिठ्ठ्या मी लिहिल्या, ते माझ्यासाठी खोटं बोलले.

कुणी रागावलं नाही. म्होरक्यानं मान हलवली, समजुतीनं, एखाद्या आजारी माणसाचं बोलणं ऐकावं तशी. "दीदी, तुमन कका के इज्जत बचाए बर आए हव." काकांची अब्रू राखायला आलात म्हणाला. मी पर्समधून कागद काढला, पेन काढलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलं, "बटण थोडं कडक. ऐकलं." खाली ती अर्धी सही. हुबेहूब. कागद हातोहात फिरला. एक जण म्हणाला, "नकल त कोनो भी उतार लेही, दीदी."

मग म्होरक्यानं जवळ बसलेल्या नव्या गाणाऱ्यांकडे बोट केलं. यांना आम्ही काकांची गोष्ट सांगतो, म्हणाला. एवढा नावाजलेला माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी आहे. "अपन गलती अपन मुँह ले कहिस. अइसन मनखे कहाँ मिलही?" गाताना सूर चुकला तर पेटीवाल्यावर ढकलायचं नाही, काकांसारखं कबूल करायचं, असा त्यांच्या मंडळीत नियमच झाला होता.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. आतून एक बाई चहा घेऊन आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, रो मत दीदी. त्या माणसाविषयी मी चारचौघांत पहिल्यांदा खरं बोलत होते, आणि त्याच्या शब्दापुढे माझं काही चालेना. चहा गार होत होता, तो मी प्यायले आणि कागद तिथेच सोडून निघाले.